काउंटरचा संगणक कुणी पुसला?

१

“मावशी, दातांच्या दवाखान्याचा संगणक तूच पुसलास का?”

प्रश्न तोंडातून निसटला आणि ऑफिसातले चारही चेहरे भिंगरीकडे वळले. चौघांच्या डोळ्यांत एकच भाव होता: हिला आत कुणी येऊ दिलं?

पैज मैत्रिणींची होती. त्यांच्या टोळीतल्या एकीच्या दातांना तारा होत्या, म्हणून सगळ्या तिला तारवाली म्हणायच्या. तिच्या दातांचे फोटो त्या दवाखान्यातून नाहीसे झाले होते आणि तिचं सगळं आता पहिल्यापासून सुरू होणार होतं. मधल्या सुट्टीत तिने जाहीर केलं की याला भिंगरीचं खानदान जबाबदार आहे. मग टोळीने अट घातली. मावशीला विचारायचं, सगळ्यांसमोर विचारायचं, ‘सहज विचारते’ म्हणायचं नाही आणि हसायचं नाही. मागच्या वर्षीची भिंगरी असती तर पोटात दुखण्याचं निमित्त काढून घरी गेली असती. पण यंदा वक्तृत्व स्पर्धेत माईक बंद पडला असताना तिने नुसत्या घशाच्या जोरावर भाषण पूर्ण केलं होतं, आणि तेव्हापासून ती कुणाच्या बापाला भीत नव्हती. स्वतःच्या सोडून, असं ती म्हणायची. आता तेही तपासायची वेळ आली होती.

ऑफिस घराच्या खालच्याच मजल्यावर. वर राहायचं, खाली कमवायचं. दवाखाने, छापखाने, वकिलांच्या कचेऱ्या अशा छोट्या गिऱ्हाइकांचे संगणक सांभाळायचे, हा धंदा. मालक बाबा. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे काका, नवी यंत्रं बसवायचा. आई फोन घ्यायची आणि तापलेल्या गिऱ्हाइकांवर पाणी ओतायची. आईची धाकटी बहीण, मावशी, बिघडलेलं काहीही दुरुस्त करायची. एरवी या चौघांची भांडणं दुपारच्या चहाबरोबर विरघळून जायची. या सोमवारपासून मात्र चहासुद्धा जो तो आपापला करून घेत होता.

मावशीने हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला.

“नाही,” ती म्हणाली. “पण तू विचारलंस तरी. बाकीच्यांनी न विचारताच निकाल लावलाय.”

बाबा, चष्मा नेहमीसारखा कपाळावर विसरून, पडद्यावरून नजर न काढता म्हणाले की निकाल लागलाच आहे, आता तमाशा नको. “तुम्ही शनिवारी किल्ल्या ठेवा आणि जा.”

तुम्ही. मावशी परकर-पोलक्यात होती तेव्हापासून बाबा तिला ‘तू’ म्हणत आले होते. तो एक शब्द भिंगरीला शिवीसारखा लागला.

“जाईन, भाऊजी,” मावशी म्हणाली. “मी पुसायला सांगितला तो सरावाचा संगणक. तो बघा, कोपऱ्यात ठणठणीत बसलाय. तो का नाही पुसला गेला, एवढं सांगा. मग मी शनिवारची वाटही बघत नाही.”

बाबा उठले, कोपऱ्यात गेले आणि त्या संगणकावर पांघरलेली चादर चारी बाजूंनी नीट खोचून आले.

२

भानगड मुळापासून सांगायला हवी.

इतकी वर्षं कुणाचा संगणक रुसला की काका किंवा मावशी स्कूटरवर टांग टाकून निघायची. गिऱ्हाइकं वाढली, तशा टांगा पुरेनात. म्हणून बाबांनी दुरून देखरेख करणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. त्याची गंमत अशी, की प्रत्येक गिऱ्हाइकाच्या संगणकात एक छोटासा प्रोग्राम बसवायचा. तो रखवालदार. तिथे काय चाललंय ते तो ऑफिसच्या पडद्यावर आपल्या ओळीत कळवत राहतो, आणि ऑफिसातून हुकूम सुटला की पाळतो. दुरुस्ती कर, बंद हो, पुन्हा चालू हो. वेळ पडली तर सगळं पुसून कोरा हो.

दोन कंपन्यांची सॉफ्टवेअरं चाचणीसाठी आली. एकाचा पडदा हिरवा, दुसऱ्याचा निळा. हिरवं दिसायला अगदी ओबडधोबड, पण कोण काय दाबतो याची बारीक नोंद ठेवणारं. निळं म्हणजे लग्नातला मांडव. आलेख नाचतायत, रंग फिरतायत, पण पुसण्याचा हुकूम द्यायला एक टिचकी पुरे आणि कुणी दिला ते विचारायची सोय नाही. चाचणी मावशीकडे सोपवली होती. तिचा कौल हिरव्याला, काकाचा निळ्याला. त्यावरून दोघं एकमेकांची अक्कल काढायची आणि बाबा म्हणायचे, शांतपणे ठरवू, मावशीचं तपासून होऊ दे.

तपासण्यासाठी एक जुना संगणक कोपऱ्यात मांडला होता. त्याचं नाव सराव. त्यावर काहीही करून पाहायची मुभा होती, म्हणून भिंगरीनेही सुट्टीत हात धुऊन घेतले होते. माऊसच्या बाणाच्या जागी तिने एक केशरी मासा आणला होता, टिचकी मारली की शेपूट हलवणारा. काका म्हणाला होता, डोळे दुखतात त्याने. म्हणून तो मुद्दाम तसाच राहिला.

आणि मग तो सोमवार. दुपारी मावशीने हिरव्या पडद्यावर सरावाची ओळ निवडली आणि पुसून टाकायचा हुकूम दिला. पाहूया तर किती सफाईने पुसतो. सराव ढिम्म हलला नाही. मावशीला वाटलं, हिरवं सुस्त आहे, आणि ती चहा टाकायला गेली. तेवढ्यात तिकडे दवाखान्यात, काउंटरच्या नव्या संगणकाचा पडदा काळा झाला. पेशंट रांगेत उभे, डॉक्टरीणबाई हातमोजे घालून तयार, आणि कुणाचा कुठला दात, कशाचा पत्ता नाही.

बाबा त्याच संध्याकाळी एकटे जाऊन काउंटर उभा करून आले. जुन्या प्रतीवरून भेटीच्या वेळा परत मिळाल्या, पण नव्याने काढलेले दातांचे फोटो गेले ते गेलेच. डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं: हे ज्याने केलं त्याला घालवा, नाहीतर मी जाते आणि मी पाठवलेले बाकीचे दवाखानेही घेऊन जाते. तोवर तुमच्यापैकी कुणी माझ्या काउंटरला बोट लावायचं नाही.

बाबांचं म्हणणं, मावशीने चुकीची ओळ दाबली. हिरव्याच्या नोंदीत तर स्वच्छ ‘सराव’ लिहिलं होतं. त्यावर ते म्हणायचे, नोंदही चुकीची, ते सॉफ्टवेअरच टाकाऊ.

भिंगरीने रात्री अंथरुणात पडल्या पडल्या याचा कीस काढला. नोंद खरी असेल तर मावशी निर्दोष. नोंद खोटी असेल तर चूक सॉफ्टवेअरची, म्हणजे मावशी पुन्हा निर्दोष. बाबा दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभे होते, आणि तरी पाण्यात पडत होती ती मावशी.

सकाळी तिने ठरवलं की शनिवारच्या आत खरा चोर काढायचा. टोळीला तिने तसं कळवलं. टोळीने उत्तर दिलं की आधी गणिताचा गृहपाठ काढ.

३

संशयाचा पहिला मान काकाला मिळाला. निळं यावं म्हणून हिरव्याची अब्रू घालवायची, हे कारण इतकं चोख होतं की भिंगरीला ते हातातून सोडवेना.

काका तारा सोलत बसला होता. तिने विचारलं, काउंटरचा संगणक बसवला कुणी? काका म्हणाला, दादाने सांगितलं ना, मीच. कधी? पुसला गेला त्याच्या आधीच्या बुधवारी. कसा बसवला? यावर काकाने सोललेली तार तिच्या नाकासमोर धरली.

“हे बघ भिंगरे, तुझी मावशी बुडतेय म्हणून तू माझ्या गळ्यात दगड बांधू नकोस. जा, दप्तर भर.”

काका चिडका होता, पण एरवी कामाबद्दल विचारलं की त्याचं तोंड बंद व्हायचं नाही. एक साधी वायर कशी जोडली ते सांगायला त्याला दुपार पुरत नसे. आणि हा एवढा नवाकोरा संगणक कसा बसवला, यावर एक वाक्य नाही? भिंगरीने ते मनात अडकवून ठेवलं.

दुसरा संशयित स्वतःच चालत आला. निळ्या सॉफ्टवेअरचा विक्रेता. तो इतकं गोड बोलायचा की आई त्याला माघारी पाकातला म्हणायची. त्या सोमवारी दुपारीही तो येऊन बसला होता, मावशी चहाला उठल्यावर तिच्याच खुर्चीत. आज बाबा फोनवर होते, म्हणून तो वाट पाहत होता आणि भिंगरीने त्याच्यासमोर पाण्याचा पेला ठेवून थेट विचारलं की मावशीच्या खुर्चीत बसून तुम्ही काय दाबलंत.

पाकातल्याचा पाक जरा आटला. तो म्हणाला, ताई, मी बसलो तेव्हा तुमच्या आई फोन कानाला लावून ओरडत होत्या, म्हणजे जे व्हायचं ते आधीच झालं होतं. हे खरं होतं. आईनेही तेच सांगितलं होतं.

“आणि आम्हाला असली गरज काय?” तो पुढे म्हणाला, आता छाती फुगवून. “तुमच्याकडचं तर आमचं पक्कंच होतं. तुमचे काका आमच्या प्रशिक्षणालासुद्धा येऊन गेले. अख्खा बुधवार आमच्याकडे होते, जेवण आमच्याचकडे.”

“कुठला बुधवार?”

त्याने सांगितलं. भिंगरीने पेला उचलला आणि तो तसाच हातात धरून उभी राहिली. तोच बुधवार. ज्या दिवशी काका दवाखान्यात काउंटर बसवत होता म्हणे.

माणूस एका दिवशी दोन ठिकाणी जेवू शकतो. काम मात्र एकाच ठिकाणी करतो.

४

शुक्रवारी शाळेतून सुटल्यावर ती तारवालीबरोबर दवाखान्यात गेली. तारवालीचे फोटो पुन्हा काढायचे होते आणि सोबत कुणीतरी हवं होतं. खरं म्हणजे तारवालीला सोबत नको होती, तिला साक्षीदार हवा होता, तिच्यावर किती अन्याय झालाय त्याचा.

काउंटरमागच्या बाईंनी भिंगरीला ओळखलं आणि त्यांच्या कपाळावर आठी चढली.

“तुमच्याकडून आता कोण राहिलंय यायचं? मांजर?”

भिंगरीने सांगितलं की ती फक्त विचारायला आलीय. काउंटरबाईंना तेवढं पुरलं. सोमवारपासून साचलेलं त्यांनी एकदम सोडलं. लोकांनी त्यांनाच बोल लावले, एका आजोबांनी तर कवळी काढून टेबलावर आपटली, रोजची बोलणी ऐकून ऐकून त्यांचं डोकं उठलंय. आणि हे नवं यंत्र आल्या दिवसापासून भुताने झपाटलंय.

“बाण होता चांगला काळा, तो कुठे गेला कोण जाणे. मासा आलाय मासा. टिचकी मारली की शेपूट हलवतो. मी इथे रूट कॅनलची वेळ देतेय आणि हा नाचतोय.”

भिंगरीचा हात आपोआप काउंटरवर गेला. तिने मान लांब करून पाहिलं. केशरी मासा पडद्याच्या मधोमध निवांत तरंगत होता.

तिचाच मासा. तिने फक्त एका संगणकावर सोडलेला.

“हा कधीपासून आहे?” तिने विचारलं. आवाज शक्य तितका सरळ ठेवला.

काउंटरबाई म्हणाल्या, मागच्या बुधवारी बसवला तेव्हापासून. सोमवारी सगळं पुसलं गेलं तेव्हा त्यांना वाटलं, निदान मासा तरी मेला. पण दुरुस्ती झाल्यावर बघतात तर पुन्हा हजर.

मग भिंगरीने दुसरा प्रश्न विचारला, बसवायला कोण आलं होतं. काउंटरबाईंनी नाव नाही सांगितलं, कारण त्यांना ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, दोन्ही वेळा एकच गृहस्थ. एक डबी जोडली, म्हणाले आता आपोआप होईल, आणि घोरत नाहीत एवढंच, खुर्चीत बसून राहिले. निघताना सगळा दवाखाना कामाला लावला. चष्मा हरवला म्हणाले. मी टेबलाखाली वाकून शोधला, शिपाई वाकला, एक पेशंट वाकला.

“आणि चष्मा त्यांच्या कपाळावर,” भिंगरी म्हणाली.

“तुला कसं कळलं?”

तारवालीचा नंबर लागला. तिने आत जाताना भिंगरीकडे पाहिलं आणि आपली तक्रार अर्ध्यावर सोडली, कारण भिंगरीचा चेहरा असा तिने कधी पाहिला नव्हता.

५

मावशी जवळच एका खोलीत राहायची. भिंगरी पोहोचली तेव्हा ती खोक्यात सामान भरत होती. अवजारं एकीकडे, केबल दुसरीकडे, आणि ऑफिसातून आणलेला स्वतःचा कप मध्ये. भिंगरीने अजून चष्म्याचं काही सांगितलं नाही. आधी तिला सगळ्या कड्या जोडून पाहायच्या होत्या.

तिने विचारलं, हिरव्या पडद्यावर दवाखान्याचा काउंटर कुठल्या ओळीत दिसायचा?

मावशीचा हात थांबला. “दिसायचाच नाही.”

डॉक्टरीणबाईंच्या खोल्यांतले संगणक दिसायचे. काउंटर नाही. मावशीने भाऊजींना दोनदा विचारलं होतं, दोन्ही वेळा ते म्हणाले, बघू, येईल. अपघातानंतर तिने हेच ओरडून सांगितलं, तेव्हा ते म्हणाले की ओळ होती, पुसल्यावर गेली. तिचा शब्द एकटीचा पडला.

“अगं पण मावशी, ओळच नव्हती तर तू चुकीची ओळ दाबलीस कशी?”

मावशी खोक्याच्या काठावर बसली. तिने हळूहळू आणखी एक गोष्ट सांगितली, स्वतःशीच बोलल्यासारखी. त्या आठवड्यात सरावाचा प्लग काढला तरी हिरव्या पडद्यावर त्याची ओळ जिवंत दिसायची. तिने गंमत केली होती, याचा आत्मा भटकतोय म्हणून. कामाच्या गर्दीत पुढे विचार केला नाही.

“तो आत्मा दवाखान्यात आहे,” भिंगरी म्हणाली. “माझा मासाही तिथेच आहे.”

मावशीने तिच्याकडे पाहिलं. मासा ऐकला, आणि मग तिच्या चेहऱ्यावर एकेक दिवा लागत गेला. शेवटच्या दिव्यापाशी मात्र ती थबकली.

“तुझ्या काकाने...”

“काका तिथे नव्हता.”

मावशीने खोकं पायाने बाजूला सरकवलं आणि म्हणाली की हे तू सोड. ते तुझे वडील आहेत. माझं मी कुठेही पोट भरेन. भिंगरीला तिचा इतका राग आला की तिने तो कप खोक्यातून उचलून परत फळीवर ठेवला, जोरात.

६

शनिवारी अर्धी शाळा. दुपारी ऑफिसात सगळे हजर होते. बाबांच्या टेबलावर निळ्या कंपनीचा करार सहीसाठी उघडा होता. मावशीने किल्ल्या त्याच्या शेजारी ठेवल्या. आई खिडकीकडे तोंड करून उभी होती. बहिणीला जाताना पाहायचं नाही आणि नवऱ्याकडे तर मुळीच पाहायचं नाही, अशा दोन्ही बाजूंनी कोंडलेली.

“सही करण्याआधी एक प्रयोग,” भिंगरी म्हणाली. तिने कोपऱ्यातली चादर ओढली.

बाबा खुर्चीतून अर्धे उठले. “हात लावू नकोस त्याला.”

“का?”

“पुरावा आहे तो.”

“मग बघूया ना काय पुरावा आहे ते.” आणि तिने सरावाचा प्लग भिंतीतून काढला.

काका म्हणाला, पोरीला आवरा कुणीतरी. कुणी आवरलं नाही. मावशीने हिरवा पडदा सगळ्यांकडे वळवला. सरावाची ओळ जिवंत होती. भिंगरी थोडी थांबली, अजून थांबली. प्लग जमिनीवर पडलेला, संगणक मेलेला, आणि ओळ ताजीतवानी.

मग भिंगरीने फोन स्पीकरवर टाकला. काउंटरबाई आधीच सांगून ठेवल्यामुळे तयार होत्या, म्हणजे कुरकुरायला तयार होत्या. भिंगरीने त्यांना विनंती केली की जेवणाची सुट्टी आहे तर तुमचा संगणक जरा बंद करा. बंद केला, बाई म्हणाल्या, आता काय त्याला अंगाई म्हणू?

पडद्यावर काहीच झालं नाही. काका हसला. भिंगरीने पडद्यावरून नजर हलू दिली नाही. मैत्रिणींना काय सांगायचं, मावशीला काय सांगायचं, आणि त्या कपाचं काय. काका हसणं पुरं करेपर्यंत सरावाची ओळ राखाडी होऊन विझली.

आई खिडकीपासून वळली.

भिंगरीने स्पर्धेतल्यासारखा श्वास घेतला आणि सुरुवात केली. प्रत्येक रखवालदाराला एक बिल्ला असतो, आणि पडदा बिल्ल्यावरून माणूस ओळखतो. रखवालदार प्रत्येक संगणकात नव्याने बसवला तर प्रत्येकाला वेगळा बिल्ला मिळतो. पण कुणी घाईत होतं. त्याने एकेक गोष्ट हाताने बसवण्याऐवजी सरावाच्या अख्ख्या डिस्कची नक्कल डबीत भरून काउंटरच्या नव्या संगणकात जशीच्या तशी उतरवली. सगळं आलं. रखवालदार आला, बिल्ला आला, मासासुद्धा आला. मग ऑफिसातून हाक गेली, बिल्लेवाल्या, सगळं पूस. दोघांपैकी जो आधी जागा होता त्याने ऐकलं. तो दवाखान्यातला होता. हुकूम पार पडला, म्हणून सरावापर्यंत तो पोहोचलाच नाही.

“मावशीने बरोबर ओळ दाबली. नोंदही खरी. हिरवं बरोबर, मावशी बरोबर. निळं असतं तरी हेच झालं असतं, फक्त कुणी काय दाबलं ते कळलं नसतं.”

“शाब्बास,” बाबा कोरडेपणाने म्हणाले. “म्हणजे चूक धाकट्याची.”

काकाने मान वर केली. दादाकडे पाहिलं, फार वेळ पाहिलं. आता हे त्याच्याही गळ्यात येत होतं.

“दादा, बास,” तो म्हणाला. “निळ्याचं प्रशिक्षण घ्यायला तू मला पाठवलंस. मेहुणीला कळू द्यायचं नाही म्हणालास, म्हणून मी दवाखान्यात होतो असं सांगत बसलो. मला वाटलं तेवढंच लपवायचंय.”

मावशीच्या तोंडून हसण्यासारखा आवाज निघाला, पण ते हसणं नव्हतं. म्हणजे निळं आधीच ठरलं होतं. ती मात्र दिवसचे दिवस दोन पडद्यांपुढे डोळे फोडत बसली होती, कुणी वाचणारच नव्हतं असं काम करत.

भिंगरी बाबांसमोर जाऊन उभी राहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण तिने निबंधात कितीदा वापरली होती. तेव्हा तिला कधी वाटलं नव्हतं की चोर आपल्याला शाळेत सोडायला येतो.

“दवाखान्यात सगळ्यांना चष्मा शोधायला लावलात, बाबा.”

बाबांचा हात कपाळाकडे गेला. चष्मा तिथेच होता.

७

त्यांनी नाकारलं नाही, तेवढं त्यांच्या बाजूने म्हणावं लागेल. पण माफीही मागितली नाही. त्यांनी हिशेब मांडावा तसं मांडलं. बुधवारी काका नव्हता, काउंटर तातडीने हवा होता, म्हणून कॉपी मारली. सोमवारी घाबरून पुन्हा तेच केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना लक्षात आलं की घडलं काय. तोवर डॉक्टरीणबाईंनी काउंटरला हात लावायची बंदी घातली होती. निदान सरावावर कुणी पुन्हा हुकूम सोडू नये, म्हणून चादर.

“मंगळवारी कळलं?” आईचा आवाज बारीक झाला होता. “आणि तुम्ही माझ्या बहिणीला शनिवारपर्यंत सामान बांधू दिलंत?”

“मग काय करू? त्या बाईला कुणीतरी घालवलेलं हवंय. हिला घालवता येतं. मला कसं घालवणार? मालकच वेंधळा निघाला म्हटल्यावर कोण ठेवेल आपल्याकडे संगणक? सगळ्यांच्याच पोटावर पाय येतो. तुझ्याही, हिच्याही.”

हे पटण्यासारखं होतं, तीच तर वाईट गोष्ट होती. भिंगरीने आईच्या चेहऱ्यावर हिशेब होताना पाहिला: बहीण एका बाजूला, घर, शाळा, वरचा मजला दुसऱ्या बाजूला. मग आईने किल्ल्या उचलल्या आणि मावशीच्या हातात कोंबल्या. ती म्हणाली की तू कुठे जायचं नाहीस. सोमवारपासून ये. हिरवं घ्यायचं तर हिरवं घेऊ. फक्त दवाखान्यात काही बोलायचं नाही. त्यांना वाटू दे गेली म्हणून, तू त्या दाराशी फिरकू नकोस म्हणजे झालं. घरातलं घरात राहू दे.

“म्हणजे बाहेर दोष माझाच,” मावशी म्हणाली.

“नावापुरता गं.”

“ताई, माझ्याकडे तेवढंच आहे.”

तिने किल्ल्या करारावर ठेवल्या, दाराशी जाऊन बुटात पाय घातले आणि नाडी बांधायला वाकली. कुणी तिला थांब म्हणालं नाही. जा असंही म्हणालं नाही. नाडीची गाठ तिला नीट पडेना.

भिंगरीने आईकडे पाहिलं, मग बाबांकडे. माईक तर तिला आता लागतच नव्हता.

“आई, बाबा, ऐका. मी मावशीबरोबर दवाखान्यात चाललेय. डॉक्टरीणबाईंना काय झालं, कसं झालं, ते मी सगळं सांगणार. गिऱ्हाईक गेलं तर मी शाळेतून आल्यावर रोज फोन घेईन, शिव्या मी खाईन, पण मावशीच्या नावावर हे राहू देणार नाही. तुम्ही ओरडा, मारा, खोलीत कोंडा, उद्या दार उघडलंत की उद्या जाईन.” तिने आपले बूट ओढून घेतले. “आणि बाबा, हे माझ्या तोंडून जाण्यापेक्षा तुमच्या तोंडून जायला हवं असेल, तर आम्ही इथे दाराशी थांबतो. मावशीची नाडी बांधून होईपर्यंत ठरवा.”